येळवस: सोलापूर ते लातूर, चार दिवस

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहरात गेलात तर दुकानांची शटरं खाली, रिक्षा गायब आणि चहाचीही पंचाईत. सगळं शहर शिवारात गेलेलं असतं. ही वेळ अमावस्या, बोलीत येळवस. नावाचा ‘वेळे’शी काही संबंध नाही. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हीच एळ्ळ अमावास्या. रब्बीचं पीक अर्ध्यावर आलेलं असतं, ते हाती लागायच्या आत काळ्या आईचे आभार मानायचे, सहकुटुंब शेतात जेवायचं. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या सोलापूर-नांदेडच्या भागात हा दिवाळीच्या तोडीचा सण आहे.

या सणाला तिकीट नाही आणि हॉटेलात तो मिळतही नाही. कुणाच्या तरी बांधावर बसल्याशिवाय येळवस पाहिली असं म्हणता येत नाही, म्हणून सहलीचं सगळं गणित त्या एका दिवसाभोवती मांडायचं. खालचा आराखडा आजी-आजोबा, आई-वडील आणि मुलं अशा आठ-दहा जणांच्या कुटुंबासाठी आहे.

निघण्याआधी तारीख पक्की करा, कारण ती दरवर्षी हलते. 2024 साली येळवस दोनदा आली: 11 जानेवारीला आणि मग 30 डिसेंबरला. 2025 मध्ये ती 19 डिसेंबरला होती. ज्या वर्षी मार्गशीर्षाच्या आधी अधिक महिना येतो त्या वर्षी ती जानेवारीत सरकते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने त्या वर्षीची येळवस 2027 च्या जानेवारीतच येते. नाताळच्या सुट्टीशी तिचा मेळ बसेलच असं नाही. नाही बसला तर मुलांच्या शाळेतून दोन दिवसांची रजा काढा. अमावस्या दोन दिवसांत विभागली असेल तर कॅलेंडरवर विसंबू नका. ज्या गावात जाणार तिथल्या माणसालाच फोन करून दिवस विचारा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास गाडी ठरवावी लागते.

आमंत्रणाचं काय? लातुरात ज्यांना शेत नाही त्यांनाही कुणीतरी बोलावतंच. सोयरा, कार्यालयातला सहकारी, मुलाच्या वसतिगृहातल्या मित्राचे वडील, कुणीही चालतं. मात्र किती माणसं येणार हा आकडा चार दिवस आधी कळवा आणि मग त्यात भर घालू नका. स्वयंपाक आदल्या रात्रीचा असतो, ऐन वेळी वाढवता येत नाही.

पहिला दिवस: सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी सोलापूर येतं. तिथून सात आसनी गाडी चार दिवसांसाठी ठरवा. दहा जण असतील तर दोन लहान गाड्या घ्या, एक मोठी नको, कारण तिसऱ्या दिवशी पाणंद रस्त्यावर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, मोठी गाडी अडकते. चालकाला आधीच विचारून ठेवा की येळवशीला तो येणार आहे का. चालक त्याच भागातला असेल तर त्या दिवशी तो स्वतःच्या शेतात असतो. ही चूक बऱ्याच जणांना भोवते.

हैदराबादच्या रस्त्याने तासाभरात नळदुर्ग. बोरी नदी किल्ल्यात वळवून घेऊन तिच्यावर धरण बांधलंय आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 च्या सुमाराचं हे काम. धरण भरून सांडलं की नर आणि मादी हे दोन धबधबे भिंतीवरून कोसळतात आणि महालात बसलेल्या माणसाच्या पुढ्यात पाण्याचा पडदा उभा राहतो. डिसेंबरात तो बहुधा नसतो. आधीच सांगून ठेवलंत तर मुलांचा हिरमोड होणार नाही. पाणीमहालाचा जिना अरुंद, अंधारा आणि ओलसर आहे. गुडघे दुखणाऱ्यांना खाली नेऊ नका, त्यांनी धरणावरून चालावं. उपळी बुरुजाच्या पायऱ्याही उंच आहेत, पण वरून सगळा परिसर दिसतो आणि इथून पुढे चार दिवस कुठल्या रंगाच्या जमिनीतून जायचंय तेही कळतं. किल्ला प्रचंड आहे. अडीच तास द्या, पाणी सोबत घ्या आणि अकराच्या आत आत शिरा. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी, असं इथलं हिवाळ्याचं ऊन.

दुपारी तुळजापूर. मंदिराकडे पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणजे परतीच्या वेळी चढ. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतं. रांगेत तासन्‌तास उभं राहणं जमणार नसेल त्यांना मुखदर्शन पुरतं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी दुप्पट असते. दर्शन अमावस्येच्या आधीच उरकायचं, याला एक कारण आहे. पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी देवी मंचकी निद्रेला जाते, म्हणजे मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. हा काळ येळवस झाल्यावर लगेच सुरू होतो. सिंहासनावरची देवी पाहायची असेल तर जाताना थांबायचं, येताना नाही. मुक्काम तुळजापुरातच करा.

दुसरा दिवस: तेर, मग लातूर

सकाळी धाराशिववरून तेरला. तेरणा काठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचच्या बंदरातून रोमपर्यंत जायचा, आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात गावाचं नाव आहे. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहाच; पॉम्पेईच्या राखेत सापडलेल्या मूर्तीशी तिचं नातं सांगतात. त्रिविक्रम मंदिर विटांचं, मागची बाजू चैत्यासारखी गोलाकार. आणि नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी. कुंभाराच्या गावी आलोच आहोत तर मातीचं एक लहान बोळकं घेऊन ठेवा. उद्या शेतात दूध उतू घालायला लागलं तर आपल्याकडचं असेल. गवतात किंवा जुन्या साडीत गुंडाळून पायाशी ठेवायचं, डिकीत टाकलं तर लातूर यायच्या आत त्याचं खापर होतं.

लातुरात दुपारी दोनच्या आत पोचा. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ. आदल्या दिवशीच्या दुपारी हा बाजार पाहण्यासारखा असतो: सोलाणे म्हणजे ओला हरभरा, वालाच्या शेंगा, तुरीच्या ओल्या शेंगा, गाजरं, बोरं, उसाची कांडी, सगळं पोत्यांनी उतरतं. संध्याकाळी भाव चढतात आणि मेथी-चुका संपतो. यजमानांकडे मिठाईचा डबा नेऊ नका, तो उद्या कुणी उघडणारसुद्धा नाही. नारळ, ओटीचं सामान, पाच फळं आणि जमलं तर भाजीची ही टोपली न्या. उद्यासाठी औषधं, पेट्रोल, दूध पावडर, रोख पैसे, जे लागेल ते आजच घ्या. उद्या काही मिळणार नाही.

संध्याकाळी यजमानांच्या घरी. येळवशीचा खरा मुक्काम रात्रीच्या स्वयंपाकघरात असतो, तेव्हा हॉटेलात सामान टाकून टीव्ही लावण्यापेक्षा शेंगा सोलायला बसा. दहा जणांच्या भज्जीच्या शेंगा सोलायला चार माणसांना दीड तास लागतो. आजी आणि नातवंडं एका परातीभोवती बसतात ती हीच वेळ.

भज्जी म्हणजे भजी नव्हे. शेतात त्या घडीला जे जे आहे त्याची ही पातळसर भाजी. दहा जणांसाठी ओला हरभरा, ओली तूर, वाल आणि वाटाणा यांचे दाणे प्रत्येकी मोठी वाटीभर, तेवढेच भिजवलेले शेंगदाणे, मेथी, पालक, चुका आणि कांद्याची पात यांची एकेक जुडी, दोन गाजरं, तीन-चार लहान वांगी. शेंगदाणे आणि वाल आधी शिजत घालायचे, ते सर्वांत उशिरा शिजतात. मग बाकीचे दाणे, मग गाजर-वांगी, शेवटी पालेभाज्या. दीड वाटी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ थंड पाण्यात कालवून, गुठळी राहू न देता, हळूहळू ओतायचं आणि ढवळणं थांबवायचं नाही. पीठ बुडाला लागलं की सगळ्या भांड्याला करपट वास येतो, मग फोडणी कितीही झणझणीत द्या. चिंचेचा कोळ वाटीभर, पण दाणे पूर्ण शिजल्यावरच. आधी घातला तर आंबटपणामुळे दाणे कडक राहतात आणि तासभर जाळ घालूनही मऊ होत नाहीत. चुकासुद्धा त्याच कारणाने शेवटी. वर हिरवी मिरची आणि लसणाच्या ठेच्याची फोडणी. रात्री भज्जी वाजवीपेक्षा पातळ दिसली पाहिजे. सकाळपर्यंत ती घट्ट होते, आणि रात्रीच घट्ट केलेली भज्जी शेतात पिठल्यासारखी कापावी लागते.

आंबिलीची तयारी त्याआधीच झालेली असते. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, भिजेल एवढ्या ताकात कालवून झाकून ठेवायचं. उन्हाळ्यात एका रात्रीत आंबतं, मार्गशीर्षाच्या थंडीत दोन रात्री लागतात, तेही चुलीच्या उबेला ठेवून. मग सात-आठ वाट्या उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचं, पूर्ण गार करायचं, आणि मगच दीड-दोन लिटर ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. घाईत कोमट आंबिलीत ताक ओतलं की फाटतं. भांडं मातीचं, स्टीलचं किंवा कल्हईचं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबील रात्रभर राहिली तर कळकते, आणि ती देवालाही चालत नाही, माणसालाही नाही.

बाकीचं मग भराभर: बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची गुळातली खीर, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, आंबट भात, धपाटे. प्रत्येक घराची यादी वेगळी. उंड्याचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, नाहीतर वाफवताना उंडा फुटतो. एवढं सांभाळलं तरी पुरे. पाहुण्यांनी रात्री अकराला झोपावं. घरच्या बायका पहाटे चारला उठलेल्या असतात.

तिसरा दिवस: येळवस

सकाळी नऊ ते अकरा गावाबाहेरचे सगळे रस्ते शिवाराकडे वाहतात: बैलगाड्या आता थोड्या, ट्रॅक्टर, दुचाकी, जीप, डोक्यावर टोपलं घेतलेल्या बायका. आंबिलीचा बिंदगा, म्हणजे लहान घागर, शालीत गुंडाळून डोक्यावरून नेतात. आपली गाडी डांबरी रस्त्यालाच सावलीत लावा. काळ्या मातीच्या पाणंदीत कालचं पाणी दिलेलं असेल तर चाक रुतलं की रुतलंच, आणि काढायला ट्रॅक्टर बोलवायचा तर सणाच्या दिवशी कुणाला हाक मारणार?

पायात बूट हवेत, चप्पल नको. तूर काढून झालेल्या पट्ट्यात धसकटं उभी असतात, ती चपलेच्या तळातून आत येतात. करडईच्या कडेने चालताना मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, तिची पानं काटेरी. हरभऱ्यात सकाळी उघड्या पायांनी शिरू नका. पानांवर आंब, म्हणजे आंबट रस, असतो; दवात मिसळून तो कातडीला चरचरतो आणि कपड्यांवर डाग पाडतो. दुपारी दव सुकल्यावर हरकत नाही. जुन्या विहिरींना कठडा नसतो. मुलांचा झोका आणि पतंग विहिरीपासून लांब असू द्या, आणि एक मोठं माणूस फक्त त्या कामावर नेमा. आंब्यावर आग्या मोहोळ असेल तर त्याखाली चूल पेटवायची नाही. धूर लागला की माशा उठतात.

शेतात पोचल्यावर पहिलं काम कोपीचं, म्हणजे पूजेसाठीच्या कडब्याच्या लहान खोपीचं. ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या घ्यायच्या, म्हणजे एक पाचुंदा. बुडखे जमिनीवर फाकवून रोवायचे, शेंडे वर एकत्र आणून कडब्याच्याच धाटाने किंवा सुतळीने आवळायचे. तोंड पूर्वेला मोकळं ठेवायचं. आत माणूस गुडघ्यावर बसेल एवढी जागा. बुडखे वीतभर तरी आत रोवले नाहीत तर दुपारच्या वाऱ्यात कोप एका बाजूला लवंडते, आणि आत समई असते हे विसरू नका. कोपीत पाच दगड मांडतात, चुन्याने पांढरे करून वर कावेचे ठिपके दिलेले. हे पाच पांडव. त्यांच्यासोबत लक्ष्मीची पूजा होते आणि केलेल्या प्रत्येक पदार्थाचा नैवेद्य.

हल्ली कोप शेडनेटची किंवा उसाच्या पाचटाचीही दिसते. लातूर जिल्हा खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा असा झाला, ज्वारी मागे पडली, मग कडबा आणायचा कुठून? कुणी शेजारच्या गावातून खास पाच पेंढ्या विकत आणतं. प्लास्टिकच्या जाळीपुढे आंबील ठेवलेली पाहिली की जरा चुटपुट लागते, पण पूजा ज्वारीची नसून जमिनीची आहे, असं म्हणणाऱ्यांचंही चूक नाही.

नैवेद्य झाला की चर शिंपायचा. एकजण आंबिलीचं भांडं धरतो, दुसरा पानांची डहाळी त्यात बुडवतो. आधी कोपीभोवती फेऱ्या, मग बांधाबांधाने सगळ्या रानाला वळसा. डहाळी झटकली की आंबिलीचे पांढरे थेंब ज्वारीच्या पानांवर पडतात, तिथून ओघळून पोग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या गाभ्यात, जातात. तोंडाने पुकारा चाललेला असतो, ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’. शब्द कानडी वळणाचे आहेत आणि गावागणिक बदलतात. नेमका अर्थ विचाराल तर चार म्हाताऱ्या चार उत्तरं देतील. मुलांना या फेरीत पुढे घाला, ओरडायची परवानगी असलेली पूजा त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? फक्त पिकातून आडवं पळायचं नाही. ज्वारी या वेळी पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानांच्या आवरणात, किंवा निसवायच्या बेतात असते. ज्वारीचं मोडलेलं ताट पुन्हा कणीस धरत नाही.

पंगत बांधावर किंवा आंब्याखाली. सतरंजीखाली कडबा पसरला तर ढेकळं टोचत नाहीत. आजोबांसाठी घडीची खुर्ची गाडीत असावी. जेवायला कितीजण येतील याला हिशेब नसतो. बांधावरून जाणाऱ्याला ‘या, आंबील घेऊन जा’ म्हणून हाक जाते आणि त्याने थांबायचं असतं. आपल्यालाही शेजारच्या तीन शेतांतून बोलावणं येईल. नाही म्हणू नका, पण पहिल्याच पंगतीत पोट भरू नका. दर ठिकाणी थोडी भज्जी, एक उंडा, पेलाभर आंबील. वाढणाऱ्या मावशींना ‘थोडंच’ म्हटलेलं ऐकू जात नाही, पानावर हात आडवा धरावा लागतो. आंबील पोटाला थंड असली तरी ज्यांना रोज ताकाची सवय नाही त्यांनी दोन पेल्यांवर थांबावं. पैसे कुणाच्या हातावर ठेवू नका. निघताना घरातल्या थोरांच्या पाया पडायचं, ओटी द्यायची, आणि ‘पुढच्या सुट्टीत आमच्याकडे या’ हे म्हणायचं ते खरोखर बोलावण्यासाठी.

चारनंतर ऊन उतरतं तसा गारवा येतो, स्वेटर पुन्हा बाहेर काढा. काही शिवारांत गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध तापवून उतू घालतात आणि ते कोणत्या बाजूला उतू गेलं यावरून पुढच्या हंगामाचा अंदाज बांधतात. तेरचं बोळकं इथे कामी येतं. नवं बोळकं कोरडंच विस्तवावर ठेवलं तर तडकतं, म्हणून सकाळीच पाण्यात बुडवून ठेवायचं. अंधार पडताना कडब्याचा टेंभा, काही गावांत त्याला हेंडगा म्हणतात, पेटवून रानाभोवती फिरवतात. या वेळी नायलॉनच्या जाकिटातली मुलं हाताशी धरा, ठिणगी पडली की ते कापड वितळून चिकटतं.

चौथा दिवस: औसा, खरोसा आणि परतीची गाडी

शहर दहानंतर डोळे चोळत उघडतं. नाश्ता कालच्या भज्जीचा. शिळी भज्जी गरम भाकरीवर ताजीपेक्षा सरस लागते, याबद्दल लातुरात दुमत नाही. वीसेक किलोमीटरवर औश्याचा भुईकोट आहे, सपाटीवरचा, म्हणून आजी-आजोबांना झेपतो. पुढे निलंग्याच्या वाटेवर खरोसा लेणी. दगड जांभ्याचा, ठिसूळ, त्यामुळे शिल्पांच्या कडा झिजून गेल्यात. मुलांनी हात लावला तर भुगा हातात येतो. त्याच औश्याहून दुसरा रस्ता किल्लारीला जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर वसवलेली गावं सरळ आखलेल्या गल्ल्यांवरून लगेच ओळखू येतात. उदगीरचा किल्ला या एका दिवसात कोंबू नका, तो उलट्या दिशेला आहे. मराठे आणि निजाम यांच्या 1760 च्या लढाईची ती जागा नीट पाहायची तर पाचवा दिवस द्या.

परतीची रात्रीची गाडी लातूरहूनच धरा, सोलापूरला माघारी जाण्यात अर्थ नाही. येळवशीला गावी आलेले सगळे पुण्या-मुंबईचे चाकरमाने याच रात्री परततात. त्यांच्या पिशव्यांतून सोलाणे आणि बोरं असतात, तेव्हा बर्थखाली जागा हवी तर गाडी फलाटाला लागताच चढा. आणि बुटांना चिकटलेली काळी माती ओली असताना पुसायला जाऊ नका, ती पसरते. रात्रभर वाळू द्या, सकाळी आपटली की खपल्यांनी निघून येते.